हिरवं पाणी

त्या उन्हाळ्यात म्हशी पान्हा चोरायला लागल्या. पत्र्याचं छप्पर सकाळीच तापायचं आणि दुपारी गोठ्यात उभं राहिलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटायचं. विहीर तळाला गेली होती. एरवी म्हशी रोज धुतल्या जायच्या, आता पिण्यापुरतं पाणी मिळालं तरी नशीब. त्यांच्या मांड्यांवर शेणाचे पापुद्रे धरले होते, शेपट्यांना गोळे लोंबत होते आणि मुताचा वास नाकापेक्षा डोळ्यांत जास्त शिरायचा. माश्या इतक्या, की बोलताना तोंडापुढे हात धरावा लागे.

मालक रोज येऊन कॅनमध्ये वाकून बघायचा. "दूध कुठं गेलं?" असं विचारायचा, जणू गोठ्यातल्या माणसांनी ते घटाघटा पिऊन टाकलंय.

"उन्हानं कमी झालंय मालक," धारा काढणारा खाली बघत म्हणायचा.

"मी चारा म्हशींना घालतो, उन्हाला नाही. सुईवाल्याला बोलाव."

धारा काढणारा, त्याची आई आणि त्याची बायको गोठ्याच्या मागच्या एका खोलीत राहत. खोली मालकाची, म्हणून कामाला वेळकाळ नव्हता. धारा त्याच्याकडे. चारा, आंबोण आणि कॅन घासणं आईकडे. शेण सुनेकडे. आईचं गोठ्यावर असं राज्य होतं, की म्हशीसुद्धा तिचा आवाज ऐकून सरकून उभ्या राहायच्या. मुलगा तर केव्हाच सरकला होता.

सुईवाला एकेकाळी गुरांच्या डॉक्टरची पेटी उचलायचा. डॉक्टर बदलून गेला, पेटी मात्र याच्याकडेच राहिली. तेव्हापासून गुरं असोत की माणसं, हा टोचत सुटला होता. तंबाखूनं काळ्या पडलेल्या दातांत सुईचं टोपण धरायचा, सुई विजारीला पुसायचा आणि म्हशीच्या मानेत खुपसायचा. थोड्याच वेळात म्हैस डोळे ताणून उभी राहायची, पोटाखालून कळ गेल्यासारखी मागचे पाय बदलायची आणि नको नको म्हणत असल्यासारखी पान्हा सोडायची. मालक खूश व्हायचा. सुईवाला पिचकारी टाकायचा, ती गटारात पडो की कुणाच्या पायावर.

सुनेला हे बघवत नसे. पण शेण तिथेच पडायचं, म्हणून तिलाही तिथेच असावं लागायचं.

तिचे दिवस भरून वर गेले होते. पोट असं आलं होतं की पाटी उचलताना ती मांडीवर टेकवावी लागे. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा ती नवऱ्याच्या चपला घालून फिरायला लागली. गोठ्यातले गडी हसले. "घरात कुणाच्या चपला चालतात ते कळलं बुवा," एक जण म्हणाला. तीही हसली. पण चेहरा फुगलेला असल्यामुळे हसताना डोळे मिटायचे, आणि डोळे मिटले की आत ठिणग्या उडायच्या. डोकं सकाळपासून ठणकत असायचं.

वस्तीवर फिरणारी नर्सबाई आली तेव्हा तिनं दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. मग वाकून सुनेच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा.

"हिला मोठ्या दवाखान्यात न्या," ती सासूला म्हणाली. "प्रेशर चढलंय. दिवसही उलटलेत. आज म्हणजे आजच न्या, आजी. यात बाळाच्या जिवाला धोका असतो, हिच्याही."

"नेतो की. चहा घेता का?"

नर्सबाई चहा न घेता गेली. तिची पाठ वळताच सासूनं हात झटकला. "हिचं काय जातंय सांगायला? पाय सुजले म्हणून दवाखान्यात जाऊन बसायचं, मग शेण काय ही बाई येऊन काढणार? आम्ही काय पोरं झाडावरून तोडून आणली?"

सुनेनं त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हात धूत होता. त्याचे हात छान होते, लांब बोटांचे. म्हशी त्याच्या हाताला शांत राहायच्या. लग्नानंतर तिला त्याचं काही आवडलं असेल तर ते हात.

"अहो, नर्सबाई म्हणाली आजच जा. आणि कालपासून हे फार हलत नाहीये. आधी लाथा मारायचं."

त्यानं तिच्या पोटाकडे बघितलं, मग दाराकडे. "आई काय म्हणते?"

"आई म्हणतात झोपलं असेल. म्हणतात, माझ्यासारखंच आळशी निघणार."

"मग आईला बायकांचं जास्त कळतं..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून हात पुसायला लागला.

दोन दिवसांनी सकाळची धार संपली आणि ती गटाराकडे शेण ओढत होती. कंबर धरून येत होती, सुटत होती. एकदम मांड्यांमधून ऊन ऊन काहीतरी वाहिलं. तिनं खाली पाहिलं. पायांवरून हिरवं, काळपट, चिकट पाणी ओघळत होतं. तिला वाटलं, पाटीतलं शेण सांडलं. पाटी बाजूला ठेवली तरी ते येतच राहिलं. गटारातलं शेणपाणी आणि तिच्या अंगातलं पाणी, दोन्हींचा रंग एकच होता. तिला इतकी किळस आली, की खांब धरून ती ओकली.

खोलीत जाऊन तिनं मांड्यांमध्ये फडका धरला आणि सासूला हाक मारली. सासू आली. तिनं फडका उजेडाकडे धरला, वास घेतला. क्षणभर तिचा चेहरा बदलला. सुनेनं तो बदल बघितला.

"आई, हे असं हिरवं असतं का?"

"शेणातून आलीस, शेणच लागलंय." सासूनं फडक्याची घडी केली आणि कोपऱ्यातल्या सरपणामागे खुपसली. "कुणाला सांगत बसू नकोस. आडवी पड."

कळा येत होत्या, पण ढिल्या. दुपार तापत गेली. खोलीत वारा नव्हता. दारातून फक्त माश्या आत येत होत्या. सासू मधूनच यायची, पोटावर हात दाबायची आणि चरफडत परत जायची. दुपारची धार तोंडावर आली होती, कॅन घासायचे पडले होते आणि मालक आज स्वतः गोठ्यात उभा होता.

सुईवाला म्हशींसाठी आलेलाच होता. सासूनं त्याला खोलीच्या दारात आणलं.

"मावशी, चिंता सोडा," तो म्हणाला. "म्हशीला काय आणि बाईला काय, कळ ती कळच. एक टोचली की सुटलीच म्हणा."

"नको," सून म्हणाली. "आई, नको. दवाखान्यात न्या मला."

"नेऊ. नाही सुटलीस तर नेऊ." सासूनं तिचा दंड धरला.

त्यानं टोपण दातांत धरलं. सुई विजारीला पुसली. त्याच्या तोंडाचा आंबूस वास तिच्या चेहऱ्यावर आला आणि तंबाखूचा एक ओला कण तिच्या दंडावर पडला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला आणि त्याच जागी सुई घातली.

आधीच्या कळेला एक चढ असायचा आणि एक उतार. उतारावर ती श्वास घ्यायची. आता उतारच येईना. पोट दगडासारखं झालं आणि दगडासारखंच राहिलं. श्वास घ्यायला जागा सापडत नव्हती. आपल्यालाच मिळत नाही तर आतल्याला कुठून मिळणार, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं आणि ती किंचाळली.

"ओरड, ओरड. ओरडल्यानं लवकर होतं," सुईवाला उंबऱ्यावर बसून म्हणाला. सासूनं त्याला चहा दिला होता. बशीत ओतून तो फुर्र फुर्र करत पीत होता आणि कुठल्याशा वस्तीवरच्या म्हशीचं आडवं वासरू आपण कसं ओढून काढलं ते सांगत होता. बशी संपवून तो उठला, पोटावर टिचकी मारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कमी पडली. अजून एक देऊ." आणि दिली.

धारा काढणारा आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बायकोचे ओठ काळेनिळे झाले होते आणि ओरडणं थांबलं होतं. तिच्या त्या गप्प बसण्यानं तो घाबरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आईला न विचारता दारात जाऊन ओरडला, "टेम्पो थांबवा!"

दुधाचा टेम्पो भरून उभा होता. तिला उचलून कॅनांच्या मधे ठेवलं. नवरा उशाशी बसला, सासू पायाशी. टेम्पोवाला वाईट माणूस नव्हता, पण चाव्या फिरवत म्हणाला, "आधी डेअरीवर दूध टाकतो. वाटेतच आहे. या उन्हात दूध नासलं तर मालक माझी कातडी काढेल."

"लवकर कर बाबा," सासू म्हणाली.

नवऱ्यानं उशाशी सरकणारा कॅन हातानं धरला.

डेअरीवर रांग होती. एकेक कॅन उतरत होता. प्रत्येक कॅनचं झाकण काढून वास घेतला जात होता, दूध ढवळलं जात होतं, वरची साय बोटानं बाजूला केली जात होती. नासलंय का, पाणी घातलंय का, सगळं नीट तपासलं जात होतं. कॅनांच्या मधे पडलेल्या बाईकडे येणारेजाणारे डोकावून बघत होते. "लोक बघतात," असं म्हणून सासूनं तिच्या तोंडावर पदर टाकला. त्या पदराखाली, आंबट दुधाच्या वासात, ती दात आवळून पडून राहिली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटाला यंत्र लावलं आणि त्यातून ठोके ऐकू आले. ते ऐकून बाईंचा चेहराच उतरला. ठोके पडायचे, थांबायचे, पुन्हा उशिरानं पडायचे, दमलेल्या माणसाच्या पावलांसारखे. बाई हातमोजे चढवताचढवता विचारत होत्या आणि सासू दारातून उत्तरं देत होती.

"कळा कधीपासून?"

"आत्ताच्या. वाटेतच सुरू झाल्या."

"पाणी कधी गेलं? रंग कसा होता?"

"पाण्यासारखं पाणी. स्वच्छ."

"सूज, डोकेदुखी होती? प्रेशर कुणी बघितलं होतं?"

"काही नाही हो. कामाची पोर, ठणठणीत."

"कुठली सुई दिली? खरं सांगा. पोट सैल का पडत नाही हिचं?"

"देवाशपथ नाही," सासू म्हणाली. "आम्ही अडाणी असू, पण असलं करत नाही."

टेबलावर पडलेल्या सुनेनं मान वळवली. जीभ टाळूला चिकटली होती. सासूचा चेहरा तिला दारात उलटा दिसत होता, आणि त्यावर एवढी साधीभोळी कळकळ होती, की कुणीही विश्वास ठेवावा.

"हिरवं होतं," सून म्हणाली. "सकाळपासून हिरवं. दोन सुया दिल्या. म्हशीच्या."

"भ्रमात बोलतीय," सासू म्हणाली.

"दार लावा," बाई म्हणाल्या.

बाळ चिमटा लावून ओढून काढलं. मुलगा होता. सुनेला तो एका क्षणापुरताच दिसला. निळसर, सैल, अंगभर हिरवा चिखल माखलेला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. तो रडला नाही. शेजारच्या टेबलावर बाळाचा डॉक्टर त्याच्यावर ओणवला. त्यानं नाकातोंडावर मास्क धरला आणि हवा दाबायला लागला. रबरी फुग्याचा फुस् फुस् आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग एक कण्हल्यासारखा आवाज आला, एकदाच.

"आहे," डॉक्टर म्हणाला. "आहे अजून."

तो तरुण होता. घामानं त्याचा चष्मा खाली घसरला होता. थोड्या वेळानं तो तिच्याजवळ आला आणि स्टूल ओढून बसला. "तुम्ही खरं सांगितलं त्याचा उपयोग झाला," तो म्हणाला. "बाळाच्या मेंदूला बराच वेळ हवा कमी पडलीय. त्याला आम्ही गार गादीवर ठेवतोय. पहिल्या काही तासांतच ठेवावं लागतं, नंतर काही फायदा नसतो. मेंदूची आणखी हानी होऊ नये म्हणून. पण आधीच झाली असेल ती भरून येईलच असं सांगता येत नाही."

"कशानं झालं?"

त्यानं चष्मा वर सरकवला. "एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत. प्रेशर, सूज, दिवस उलटलेले, हलणं कमी झालेलं. मग हिरवं पाणी. म्हणजे पोर पोटातच गुदमरतंय अशी शंका घ्यायची. त्यात ती सुई. दोन कळांच्या मधे पोट सैल होतं तेव्हाच बाळाला रक्त मिळतं, सुईनं ते सैल होणंच बंद केलं. आणि मग उशीर. कधीकधी यातलं काहीही नसताना असं होतं, तेव्हा कुणालाच आधी कळत नाही. पण इथं कळण्यासारखं होतं."

कळण्यासारखं होतं, हे तिनं मनात धरून ठेवलं.

तीन दिवस बाळ गार गादीवर होतं. कातडी गार, पाय गार. तिला बोट लावायला मिळायचं, उचलायला नाही. अधूनमधून त्याचं अंग ताठ व्हायचं, ओठ चोखल्यासारखे हलायचे, एक पाय सायकल मारल्यासारखा फिरायचा. तिला वाटलं भूक लागली. नर्स म्हणाली, ती आकडी आहे.

डॉक्टरबाईंनी सुईवाल्याचं नाव विचारलं, तक्रार लिहून द्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, "मालकाला विचारतो." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. सुनेनं तोंड भिंतीकडे केलं.

घरी आले तेव्हा बाळाच्या नाकात नळी होती. त्याला ओढता येत नव्हतं. दूध तोंडात घातलं की ते कडेनं ओघळायचं, नाहीतर ठसका लागून तो निळा पडायचा. पुढे नळी निघाली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं चमच्यानं थेंब थेंब पाजायला शिकवलं. सून स्वतःचं दूध हातानं वाटीत काढायची आणि कडेला बसून पाजायची. एक वाटी पाजायला सकाळ जायची. तोवर गोठ्यातून हाका सुरू व्हायच्या, कारण बाळंतिणीची विश्रांती संपली असं सासूनं मालकाला सांगून टाकलं होतं.

बघायला बायका यायच्या. सासू त्यांना दारात बसवून सांगायची, "सोन्यासारखं पोर होतं हो. दवाखान्यातल्यांनी बर्फावर ठेवलं. एवढंसं लेकरू, मेंदूच गोठला त्याचा."

"अगं बाई!"

"तीन दिवस! मी म्हणत होते, गारठेल. पण अडाण्याचं कोण ऐकतं?"

सून आत बसून ऐकायची. एकदा तिनं बाहेर येऊन सांगितलं, "तो जन्मला तेव्हाच रडला नव्हता. सुईनं झालंय." बायकांनी सासूकडे बघितलं. सासूनं डोळ्याला पदर लावला आणि मानेनंच खूण केली, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. बायका चुकचुकल्या. सांडशीनं धरावं तसं त्यांनी बाळाला नजरेनं धरलं, उलटंपालटं करून बघितलं आणि ठेवून दिलं.

गोठ्यातल्या गड्यांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. "मौनीबाबांनी आज डोळे उघडले का?" असं सुईवालाच विचारायचा. तो तसाच येत होता. टोपण तसंच दातांत. सून त्याच्यापुढून शेणाची पाटी घेऊन जायची तेव्हा पदर नाकाला लावायची. नवरा म्हशीची मान धरायचा, तो टोचायचा. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला काहीच नाही वाटत?" नवरा म्हणाला, "खोली मालकाची आहे." त्या दिवसापासून त्याच्या हातचं पाणीही तिला नको वाटायला लागलं. तेच लांब बोटांचे हात आता तिला ओल्या गांडुळांसारखे दिसायचे.

पाऊस येऊन गेला. नणंद आईकडे बाळंतपणाला आली. तिचा नवरा दूर कुठे कामाला होता आणि सासर म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. पोर मनानं चांगली होती. आल्याआल्या तिनं भाच्याला मांडीवर घेतलं, त्याची ताठरलेली मूठ एकेक बोट करून उघडली आणि रडली. "वहिनी, मला कुणीच काही सांगितलं नाही," ती म्हणाली.

एके दुपारी सून बाळाला पाजत बसली होती. सासू येऊन शेजारी बसली. एरवी ती अशी जवळ बसत नसे.

"एक विचारू का?" सासू हळूच म्हणाली. "तुझे पाय सुजायला कधी लागले होते? आधी पाय, की आधी चेहरा?"

सुनेनं चमचा थांबवला.

"आणि ते डोळ्यांपुढं चमकायचं, ते कधी? पोर हलायचं कमी झालं ते तुला कसं कळलं? मोजायचं असतं का काही?" सासू दाराकडे बघत होती. नणंद बाहेर केस वाळवत बसली होती. "हिचे घोटे मला जाड वाटतायत."

सुनेनं वाटी खाली ठेवली. हिला सगळं ठाऊक होतं. एकही गोष्ट ही विसरली नव्हती. पाय, ठिणग्या, हलणं, सगळं हिनं नीट डोक्यात ठेवलं होतं, आणि आता लेकीसाठी एकेक करून बाहेर काढत होती. थुंकावं असं सुनेला वाटलं. पण बाहेर नणंद होती, आणि तिच्या पोटातल्यानं काही केलं नव्हतं.

तिनं सांगितलं. सगळं, क्रमानं. सासू मान हलवत ऐकत होती, एखादी शहाणी विद्यार्थीण ऐकते तशी.

"आजच घेऊन जा," शेवटी सून म्हणाली.

आणि सासू खरंच त्याच दिवशी घेऊन गेली. मालकाकडे जाऊन, त्याच्या पायाशी बसून तिनं त्याची गाडी मागून आणली. गाडीत उशी ठेवली. निघताना सुईवाला गोठ्याच्या तोंडाशी दिसला, तेव्हा त्याच्या अंगावर ती अशी धावून गेली, की तो पेटी सोडून मागे सरला. "माझ्या पोरीवर सावली पाडलीस तर दात घशात घालीन!" ती ओरडली. गडी हसले. सून दारात उभी होती. तिला हसूही आलं नाही, रडूही नाही. ती आत जाऊन बाळाची वाटी घासायला बसली.

दवाखान्यात प्रेशरवर औषध दिलं, ठोके ऐकत राहिले आणि वेळ येताच पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. म्हणे, तिच्या रडण्यानं शेजारचे वॉर्ड जागे झाले.

नणंद घरी आली ती फणफणत्या तापात. टाके चिघळले होते. डॉक्टरांनी औषधं दिली होती, पण अंगावर दूध येत नव्हतं. आणलेल्या दुधाच्या पावडरीनं मुलीचं पोट बिघडलं. ती सकाळपासून रडत होती. तिच्या त्या खणखणीत, रागावलेल्या रडण्यानं अख्खी खोली भरून गेली. सुनेला ते ऐकवेना आणि ऐकणं सोडवेना. तिच्या छातीतून आपोआप दूध झरायला लागलं, झंपर ओला झाला.

सासूनं ते बघितलं. ती मुलीला घेऊन सुनेपुढे आली.

"तुझं एवढं येतंय," ती म्हणाली. "तुझ्याला कुठं ओढता येतं? वाटीत काढून निम्मं सांडतंच. हिला लाव. कामी तरी येईल."

खोलीत नवरा होता, धारेला जायच्या आधी बसलेला. नणंद खाटेवर होती. सगळ्यांनी ऐकलं.

सून सासूकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केले आणि मुलीला घेतलं. छातीला लावलं. रडणं एकदम तुटलं.

"आता सांगा," सून म्हणाली.

"काय सांगू?"

"त्या दिवशी फडका कुठं ठेवलात ते."

"आता हे कशाला उकरून काढतेस? पोरगी आजारी आहे..."

"मी हिला काढून घेणार नाही. तिचं पोट भरेपर्यंत पाजीन. उद्याही पाजीन. पण तुम्ही सांगा. यांच्यासमोर सांगा."

सासूनं मुलाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. नणंद कोपरावर उठून बसली होती. "कसला फडका, आई?"

मुलगी गटागटा पीत होती.

"सरपणामागं," सासू म्हणाली. "हिरवा झालेला. मला माहीत होतं, चांगलं लक्षण नाही ते. धार तोंडावर होती. मालक उभा होता. म्हटलं, सुटेल." तिनं नाक ओढलं. "सुई मीच द्यायला लावली. दुसरीसुद्धा."

"आणि बर्फ?"

"बर्फानं नाही झालं."

नणंदेनं तोंडावर हात धरला. सासूनं पदरानं चेहरा पुसला, दोनदा उसासा टाकला, आणि लगेच तिची नजर सुनेच्या छातीकडे गेली. "आता दुसऱ्या बाजूला घे तिला," ती म्हणाली. "तिकडचं संपलं असेल."

सुनेनं सासूवरची नजर काढली. तिनं मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं, कारण ती अजून भुकेली होती.

बाहेरून मालकाची हाक आली. धारेची वेळ झाली होती. नवरा उठला नाही. पुन्हा हाक आली. "जा ना रे," सासू म्हणाली. तो उठला, पण दाराकडे गेला नाही. कोपऱ्यातून त्यानं मुलाला उचललं, मांडीवर तिरकं धरलं, वाटी ओढली आणि चमचा त्याच्या ओठांना लावला. पहिला चमचा सगळा गळ्यावर सांडला.

आता, सून मनात म्हणाली. आता शिकतोय. तिला त्याची कीव आली नाही.

"मान वर धरा," ती म्हणाली. "आणि घाई करू नका. एक गिळला की दुसरा."

त्यानं मान वर धरली. तो थेंब थेंब घालत राहिला. तिसरी हाक येऊन गेली, शिव्या आल्या, गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या.

तिच्या मांडीवर नणंदेची मुलगी मुठी आवळून, घाम येईपर्यंत ओढत होती. थांबायची, धाप टाकायची, पुन्हा तुटून पडायची. दुखत होतं. धडधाकट मूल एवढ्या जोरानं ओढतं, हे तिला माहीतच नव्हतं.